वाचा गेलेल्या बाईचा निरोप

भूत, अंगात येणं, मेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन सांगणं... यातलं काहीएक मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. तेव्हाही मानत नव्हते. माझे वडील ब्रह्मपुरीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात कुणी नुसतं "बाहेरचं झालं असेल" म्हटलं, तर ते आधी त्याला जुलाबाचं औषध द्यायचे. पुढे सगळं आयुष्य मी नर्स म्हणून काढलं. कितीतरी माणसं माझ्यासमोर गेली, त्यातलं एकही परत आलेलं पाहिलं नाही.

तरी एक गोष्ट आहे. नात म्हणाली, आजी, इथे लोक असे अनुभव लिहितात, तूही सांग. मी सांगतेय आणि ती टाइप करतेय. मधूनमधून थांबून "खरंच?" असं विचारते. हो बाई, खरंच.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती, आणि नागपूरसकट आम्ही सगळे मध्य प्रदेशात. चांद्याच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या ट्रेनिंगला मी दाखल झाले तेव्हा अठरा वर्षांची होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. बॅचमध्ये आम्ही अकरा मुली. सगळ्यांना सुया टोचायला आवडायचं, ड्रेसिंग करायला आवडायचं, बाळंतपण बघायला तर भांडणं व्हायची. पण एक काम कुणालाच नको असे — पडद्याच्या खाटेचं.

बायकांच्या वॉर्डात अगदी टोकाला, खिडकीजवळ एक खाट होती. ज्या बाईचं काही खरं नाही असं डॉक्टर सांगत, तिला तिथे हलवत आणि खाटेभोवती लाकडी चौकटीचा पडदा लावत. आम्ही मुली त्या पडद्याआड जायचं टाळत असू. ताप बघायचा, चार्टवर लिहायचं आणि पळायचं. आपसात सौदे चालत — "तू त्या खाटेचं टेम्परेचर घे, मी तुझे बेडपॅन धुते." खोटं कशाला सांगू, ट्रेनिंगच्या पहिल्या चार महिन्यांत सगळ्यांत जास्त बेडपॅन मीच धुतले असतील.

मला मरणाची भीती होती असं नाही म्हणता येणार. मला भीती होती ती मरणाऱ्या माणसाची. तिनं विचारलं, "मी वाचीन का वो बाई?" तर काय सांगायचं? तिनं हात धरला तर? मी सात वर्षांची असताना माझी आई गेली. शेवटचे दोन दिवस मला शेजारी ठेवलं होतं. घरी आणलं तेव्हा खोली सारवून झाली होती. त्यामुळे ही सगळी दार लावून उरकायची गोष्ट असते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आमच्या सिस्टर साळवे नगरकडच्या. उंच, कडक, चष्म्याला मागून दोरा बांधलेला. आमचे सौदे त्यांना ठाऊक असावेत. एकदा वर्गात त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "नाडी लागतेय तोवर ती पेशंट आहे, आणि पेशंट आहे तोवर तुमचं काम आहे." आम्ही ते वहीत लिहून घेतलं. बेडपॅनचे सौदे चालूच राहिले.

मोहफुलांचे दिवस होते, म्हणजे उन्हाळा लागत होता. एका मंगळवारी संध्याकाळी सागाच्या लाकडांचा एक ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी थांबला. आलापल्लीच्या जंगलातून लाकूड बल्लारशाला रेल्वेवर जायचं, त्यातला हा ट्रक. ड्रायव्हर हमीदभाई. त्यांना सकाळी आलापल्लीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पडलेली दिसली. जवळ मोहफुलांची टोपली सांडलेली, माणूस कुणी नाही. त्यांनी तिला केबिनमध्ये निजवून थेट आमच्याकडे आणलं.

लकवा होता. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, तोंड वाकडं झालेलं, वाचा पूर्ण बंद. डोळे मात्र उघडे. नाव नाही, गाव नाही. गळ्यात लाल मण्यांच्या माळा आणि कपाळावर गोंदण यांवरून जंगलातल्या गावची, एवढंच कळत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन-तीन दिवस. तिला पडद्याच्या खाटेवर हलवलं.

तिच्या शेजारच्या खाटेवर पार्वताबाई होत्या. गोंडपिपरीकडच्या शेतकरीण. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून टांगलेला, त्यामुळे महिना-दीड महिना जागचं हलायचं नाही. त्यांच्या माहेरच्या गावात निम्मी वस्ती गोंडांची, म्हणून गोंडी त्यांना चांगली यायची. पहिल्या दिवशी सिस्टरनी त्यांनाच म्हातारीशी बोलायला सांगितलं. पार्वताबाईंनी पडद्याच्या फटीतून गोंडीत नाव विचारलं, गाव विचारलं, पोरंबाळं विचारली. म्हातारीचे डोळे त्यांच्याकडे वळले. पाणी आलं डोळ्यांत. पण घशातून नुसती घरघर.

"समजते तिले सारं," पार्वताबाई म्हणाल्या. "पण जीभच नाई उचलत तिची."

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारची जेवणं झाल्यावर सिस्टर साळवेंनी मला बोलावलं.

"वच्छला, आज संध्याकाळपर्यंत तू तिच्याजवळ बसायचं."

"काय करायचं सिस्टर?"

"काही नाही. बसायचं. ओठ ओले ठेवायचे. हात धरायचा."

"पण सिस्टर, स्टरिलायझरचं काम..."

"ते दुसरी करेल. आणि बेडपॅन आज मीच धुते."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! माझे कान तापले. मी पडद्याआड जाऊन स्टुलावर बसले.

वॉर्ड झोपलेला. बाहेर लिंबाच्या झाडाखाली पेशंटांचे नातेवाईक पडलेले. खिडकीतून झळ येत होती. म्हातारी माझ्याकडे बघत होती, अगदी टक लावून. मी तिचे ओठ ओल्या कापसानं पुसले, चादर सारखी केली, पुन्हा सारखी केली. मग काही करायला उरलं नाही, आणि माझा धीर सुटला. म्हटलं, "पाणी आणते हं बाई," आणि उठले. पाण्याचा गडू समोर भरलेला होता.

पदराला ओढ बसली. तिच्या डाव्या हातानं, जो चालत होता त्या हातानं, माझा पदर धरला होता. जोर एवढा, की मला वाटलं ही बाई आजारी नाहीच. मी पुन्हा बसले. पदर सोडवायचा म्हणून तिचा हात हातात घेतला... आणि धरूनच ठेवला. खरखरीत, गरम हात. माणसाचा हात असतो तसाच होता. मी उगाच काय घाबरत होते कुणास ठाऊक.

गप्प बसवेना म्हणून मी बोलत सुटले. ब्रह्मपुरीचं, वडिलांचं, होस्टेलच्या पाणचट वरणाचं. तिला मराठी कळतं की नाही हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात ऐकू आलं —

"पोरगी मचाणावर हाये."

अगदी स्पष्ट. आणि आमच्या ब्रह्मपुरीकडच्या बोलीत. माझी आत्या बोलायची तसं.

मी पडदा सरकवला. "पार्वताबाई, काय म्हणालात?"

पार्वताबाई वाती वळत बसल्या होत्या. "मी? मी कुठी काई बोलली?"

"कोणती पोरगी? मचाणावर कोण आहे?"

"उन्हानं डोकं फिरलं का वो तुयं? वॉर्डात समदे झोपून राह्यले."

मी वळून म्हातारीकडे पाहिलं. ओठ मिटलेले, वाकडे, तसेच. डोळे माझ्यावर. मी तिचा हात पुन्हा धरला, आणि पुन्हा ऐकू आलं. ओठ हलत नव्हते — मी अगदी एका वितीवरून बघत होते.

"जैनी नाव हाये तिचं. अस्वलं येतेत म्हून मचाणावर बसवली, शिडी काढून ठेवली. तुंब्यातलं पाणी संपलं असन. वीज पडलेला साग हाये नाल्याच्या पल्याड, तिथून उगवतीकडे. मोठ्यानं नोको बोलावजा. भेते ते. हळूच नाव घ्या."

बस्स, एवढंच. बाई दुखतंय म्हणाली नाही, घरी न्या म्हणाली नाही. मी घाबरले का? सगळे हेच विचारतात. त्या क्षणी नाही घाबरले. एक पोर तीन दिवस एकटी आहे, एवढंच डोक्यात होतं. म्हातारीचा चार्ट खाटेला अडकवलेला होता. मी त्याच्या मागच्या बाजूला सगळं जसंच्या तसं लिहून काढलं, आणि पार्वताबाईंना "हिच्याकडे लक्ष ठेवा" सांगून धावत सिस्टरकडे गेले.

सिस्टर खरोखरच बेडपॅन धूत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि चार्ट वाचला.

"हे कुणी सांगितलं?"

"म्हातारीनं."

"तिची वाचा गेली आहे वच्छला."

"मले माहीत हाये सिस्टर," घाबरलं की माझी बोली बाहेर यायची. "पण मले ऐकू आलं. तोंड नाई हललं तिचं. मी खोटं काऊन बोलू?"

त्या चार्ट घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. मी दाराबाहेर उभी. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "सिस्टर, फर्स्ट इयरची मुलगी. दुपारचं ऊन, मरणारा पेशंट, मनावर ताण... होतं असं. तिला होस्टेलवर पाठवा, झोपू द्या." सिस्टर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा, तिच्याजवळ बस. तिला सांग, निरोप पोचवतोय."

"म्हणजे तुम्ही..."

"जा म्हणते ना."

हमीदभाई बल्लारशाला लाकूड उतरवून रिकामा ट्रक घेऊन परत निघाले होते. चारच्या सुमारास म्हातारीला बघायला दवाखान्यात वळले. "सिस्टरजी, वो बुढीअम्मा कशी हाये?" सिस्टरनी त्यांना वॉर्डाच्या दारात उभं करून तो चार्ट मोठ्यानं वाचून दाखवला. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, काही बोलल्या नाहीत.

हमीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली. "वीज पडलेला साग? है ना! बुढी जिथी भेटली तिथून आधा मैल. उभा चिरलाय बीचमेंसे. पण सिस्टरजी, हे तुमाले कोण सांगितलं? तो साग रस्त्यावरून दिसत नाई. मी लकडी भराले आत गेलतो म्हून मले मालूम."

"तुम्ही जाल का तिथे?"

"हे काय विचारनं झालं!" ते म्हणाले, आणि चहा न घेताच निघाले.

त्या दिवशी डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे म्हातारी संध्याकाळपर्यंत जायची होती. गेली नाही. माझी ड्युटी संपली, पण मी होस्टेलवर गेले नाही. कुणी जा म्हटलंही नाही. श्वास अडकत होता, थांबत होता, पुन्हा लागत होता. आवाज मात्र पुन्हा आला नाही. मीच सांगत बसले, "हमीदभाई गेलेत. जैनीला आणतील." पार्वताबाई तेच गोंडीत सांगत. बॅचच्या मुली एकेक करून पडद्यापाशी येऊन गेल्या. दोघी तर आत येऊन बसल्या. एकीनं म्हातारीचे पाय चोळले. कालपर्यंत हीच माझ्याशी बेडपॅनचा सौदा करायची.

शुक्रवारी उन्हं कलली तेव्हा फाटकाशी हॉर्न वाजला... आणि वाजतच राहिला.

हमीदभाई आले ते खांद्यावर एक पोर घेऊन. चार वर्षांची असेल. त्यांच्या मोठ्या रुमालात गुंडाळलेली, ओठ फुटलेले, केसांत पाला. पण डोळे टकटक उघडे, आणि एका हातात अर्धा बिस्किटाचा पुडा घट्ट धरलेला. त्यांनी पहाटे जंगल खात्याच्या गार्डला सोबत घेतलं होतं. सागापासून उगवतीला फर्लांगभर गेल्यावर मोहाच्या झाडांमध्ये मचाण सापडलं. वर कुणी दिसेना. गार्डनं दोनदा खच्चून हाक मारली, काहीच नाही. तो म्हणाला, चला, रिकामं आहे.

"मंग मले तुमचा कागद याद आला," हमीदभाई सांगत होते. "मी खाली उभा राहून हळूच म्हनलो, जैनी... जैनी बेटी... तं गवताच्या पेंढीमागून एवढंसं डोकं निंगालं जी."

जैनीला आम्ही आधी थोडं थोडं पाणी पाजलं. मग सिस्टरनी तिला उचलून सरळ आजीच्या खाटेवर, डाव्या बाजूला ठेवलं. डॉक्टरही आले होते. म्हातारीचा डावा हात हळूहळू वर आला आणि पोरीच्या डोक्यावर टेकला. जैनी गोंडीत काहीतरी पुटपुटली. पार्वताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हन्ते, आजी, मी उतरली नाई. तू म्हनली तशी बसून होती."

तासाभरानं म्हातारी गेली. पोर तिला बिलगून झोपली होती, आणि दुसऱ्या बाजूला मी बसले होते. मरण येताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दिवसभर राबलेलं माणूस आडवं होतं तसं वाटलं. सिस्टरनी झोपलेल्या पोरीला अलगद उचललं. तिच्या आजीला मी स्वतः आंघोळ घातली, केस विंचरले, माळा नीट केल्या. दार कुणी लावलं नाही, पडदाही काढून टाकला.

जैनीचा बाप तीन आठवड्यांनी आला. दूरच्या जंगलात बांबू तोडायला गेला होता, गार्डनं निरोप पोचवला. बायको आधीच वारलेली. गावातल्या लोकांना वाटलं होतं, म्हातारी नात घेऊन मोहाच्या झाडांखाली मुक्कामाला आहे, म्हणून कुणी शोधलं नाही. पोर तोवर वॉर्डाची लाडकी झाली होती, पार्वताबाईंच्या खाटेवर बसून वाती वळायची. बापाला पाहिलं आणि धावत सुटली.

पार्वताबाईंचा पाय अजून टांगलेलाच होता. त्या दुभाषी झाल्या. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या आईला मराठी येत होतं का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. तिला एक शब्दही येत नव्हता. बाजारात मीठ घ्यायचं झालं तरी बोटं दाखवायची.

मग त्यानं विचारलं, आई शेवटचं काय बोलली? मी ऐकलं होतं तसं, त्याच क्रमानं सांगितलं — पोर कुठं आहे, नाव काय, शिडी, पाणी, रस्ता, आणि मोठ्यानं बोलावू नका, ती घाबरते. पार्वताबाई एकेक वाक्य गोंडीत सांगत गेल्या. तो ऐकता ऐकता हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"म्हन्ते, मायी माय अशीच बोलत होती," पार्वताबाई म्हणाल्या. "आपलं काई नाई. नुसतं हे कर, ते कर."

यावर मी खूप विचार केला. पुतण्या डॉक्टर आहे, तो म्हणतो, ती पुटपुटली असेल आणि तुझ्या मनानं अर्थ लावला. बरं, पण कोणत्या भाषेतलं पुटपुटणं? आणि नाव? आणि रस्त्यावरून न दिसणारा साग? आलापल्ली तर मी तोवर पाहिलीही नव्हती. सिस्टर साळवे निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्ही माझ्यावर विश्वास कसा ठेवला? त्या म्हणाल्या, "मी कुठे विश्वास ठेवला? म्हटलं, खोटं निघालं तर तुला जरा हसतील. खरं निघालं आणि आपण गप्प बसलो असलो तर?"

पुढे नोकरीत शेकडो माणसांचे हात धरून बसले. मुद्दाम कान देऊन बसायचे. तसा आवाज पुन्हा कधीच आला नाही. त्या एका दुपारी कसा आला, ते आता या वयात कळेल असंही वाटत नाही. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या आठवड्यातच टोकाच्या खाटेजवळ स्टूल देऊन बसवायचे. मुली विचारायच्या, "बाई, करायचं काय?" मी म्हणायचे, बस. तिला काही सांगायचं असेल.